एकादशीचा भात

दशमीला थोरल्या अप्पांचं श्राद्ध निर्विघ्न पार पडलं. दुसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून आलेली मंडळी उपासासाठी मागं राहिली. उपास करणारी माणसं घरात असली की रोजच्या दुप्पट रांधावं लागतं, हे थोरल्या अप्पांच्या विधवा लेकीला, शेषम्माला, अठ्ठावीस वर्षांच्या अनुभवानं ठाऊक होतं. पहाटे विहिरीवर अंघोळ करून ती ओलेत्यानं चुलीपुढं बसली, ती ऊन अंगणात उतरेपर्यंत उठली नाही. गव्हाच्या रव्याचा उप्पुमाव झाला, रताळी उकडून झाली, साबुदाण्याचं पायसम झालं, बटाट्याचे वडे झाले. "तांदळाचा कण नको," एवढंच थोरल्या भावानं, बाळकृष्णरावांनी, बजावलं होतं. बाकी कशाला त्यांची हरकत नव्हती.

सगळ्यांत शेवटी वैलावर एका लहान पितळी भांड्यात तिनं मूठभर तांदूळ शिजत घातले. एकादशीला त्या घरात भात शिजण्याची ही पहिलीच वेळ. तो भात राजमचा, म्हणून बाळकृष्णरावांनीही तो चालवून घेतला होता.

राजम ही धाकट्या भावाची, कृष्णाजीची, थोरली मुलगी. वय सतरा, उंची पाच फूट दोन इंच, वजन त्र्याहत्तर पौंड. वजनाचा आकडा पक्का होता, कारण कृष्णाजी हायस्कुलात गणिताचा मास्तर होता आणि दर रविवारी मुलीला तंजावूर स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्रावर उभी करत होता. यंत्रातून तिकीट पडायचं. त्याच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. गेल्या रविवारी 'आपल्या हातून मोठी कार्ये होतील' असं आलं होतं. कृष्णाजीनं ते आकडे आलेखाच्या कागदावर मांडले होते. जूनमध्ये एकशे एकापासून निघालेली रेघ जानेवारीपर्यंत इतकी सरळ उतरली होती, की वर्गात दाखवायला हरकत नव्हती.

घराणं तर खाण्यावरच उभं राहिलेलं. भोसल्यांच्या राज्यात मूळपुरुष राजवाड्याच्या मुदपाकखान्याचे कारभारी होते, आणि त्याची मोडी सनद काच लावून कूडातल्या, म्हणजे मधल्या दालनातल्या, भिंतीवर टांगलेली होती. ती वाचू शकणारं कुणी आता उरलं नव्हतं. मराठी घरात बोलायची आणि पत्र तमिळ अक्षरांत लिहायचं, ही दोन पिढ्यांची रीत. पण सनदेत जेवणाविषयी काहीतरी मानाचं लिहिलं आहे, याबद्दल कुणाला शंका नव्हती. अशा घरातली मुलगी जेवत नाही, ही गोष्ट राजवाड्याच्या गल्ल्यांमधून पसरायच्या आत तिचा निकाल लावायचा, म्हणून बाळकृष्णरावांनी सगळ्यांना थांबवून घेतलं होतं. ते पापनाशमहून आले होते, निवृत्त तहसीलदार होते, आणि निकाल लावल्याशिवाय त्यांना उपास पचत नसे.

मंडळी कूडात बसली. शेषम्मा स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. विधवेनं सल्लामसलतीत बसायचं नसतं, पण वाढायला दारात उभं राहायला कुणाची ना नसते, आणि दारातून सगळं ऐकू येतं.

"हे काही दुखणं नव्हे," बाळकृष्णरावांच्या पत्नी कनकलता म्हणाल्या. त्यांच्या पानात उप्पुमाव दुसऱ्यांदा पडत होता. "ही दृष्ट आहे. पोरगी एसेसेल्सीत गणितात पहिली आली आणि समोरच्या घरातली नापास झाली. त्या बाईनं तिण्णैच्या ओट्यावर बसून हिच्याकडं कसं बघितलं, ते मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय."

"मन्नी, दृष्ट सात वेळा काढली," राजमची आई चंद्रमती थोरल्या जावेला म्हणाली. "मिरच्या संपल्या घरातल्या. आता सेतुमाधव बोलेल ते ऐकू या. तो डॉक्टर आहे."

सेतुमाधव बाळकृष्णरावांचाच मुलगा. मद्रासला डॉक्टर होता, आणि मनाच्या आजारांवरची इंग्रजी पुस्तकं वाचण्याचा त्याला नाद होता. सकाळच्या गाडीनं तो आला, राजमची नाडी पाहिली, जीभ पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या. क्षय नाही, जंत नाहीत, असं सांगून आता तो कापीचा पेला घेऊन बसला होता.

"ह्याला अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा म्हणतात," तो म्हणाला.

"राक्षसीचंच नाव वाटतंय," कनकलता नवऱ्याला म्हणाल्या.

"आई, हा मनाचा आजार आहे. इंग्लंडात आणि फ्रान्सात होतो. चांगल्या खात्यापित्या घरांतल्या, हुशार, शिकलेल्या मुलींना."

बाळकृष्णराव ताठ बसले. "म्हणजे कसल्या घरांतल्या? जमीनदार वगैरे?"

"जमीनदार, बॅरिस्टर. क्वचित सरदारांच्यासुद्धा."

"अस्सं," बाळकृष्णराव म्हणाले. त्यांची नजर नकळत सनदेकडं गेली. सकाळपर्यंत ते ह्या प्रकाराला हट्ट म्हणत होते आणि वेताची छडी सुचवत होते. आता त्यांनी आवाज खाली आणला. "आपल्याकडं कुणाला झालाय हा?"

"कुणालाच नाही. पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, हा आजार हिंदुस्थानात होत नाही. जिथं रेशनच्या रांगेत अर्धा दिवस जातो तिथं मिळालेलं अन्न नाकारायचं कुणाला सुचत नाही. शिवाय आपल्या संस्कृतीत हडकुळी बाई सुंदर मानत नाहीत."

"मग हिला कसा झाला?" कृष्णाजीनं विचारलं. तो आलेखाचा कागद मांडीवर घेऊन बसला होता.

"तेच नवल आहे," सेतुमाधव खुशीत म्हणाला. "मला ह्यावर लेख लिहावा लागेल."

ह्यावर थोडा वेळ कूडात एक प्रकारचं समाधान पसरलं. तंजावूर जिल्ह्यात जो आजार कुणाकडं नाही तो आपल्याकडं आला. चंद्रमतीसुद्धा डोळे पुसून नीट बसली. तिनं तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण तिनं विचारलं, "कशामुळं होतो म्हणे?"

सेतुमाधवनं पेला खाली ठेवला. "काकू, शास्त्राचं म्हणणं सांगतो, मनाला लावून घेऊ नका. मुलीला बाई व्हायचं नसतं. लहान राहायचं असतं. शरीर भरू नये म्हणून ती अन्न सोडते. आणि ह्याचं मूळ बहुतेक आईत असतं. आई फार करडी असते, मुलीच्या प्रत्येक गोष्टीत तिचा हात असतो, म्हणून मुलगी एवढी एकच गोष्ट आपल्या हातात ठेवते. तोंड."

कनकलतांनी रताळं मोडून अर्धं तोंडात टाकलं. "आम्ही कधी बोललो नाही," त्या म्हणाल्या, "पण पोरीची वेणीसुद्धा हिनं कधी तिला स्वतः घालू दिली नाही."

"मन्नी," चंद्रमती सावकाश म्हणाली, "समोरची ती बाई ज्येष्ठात हळदीकुंकवाला आली होती. राजमच्या पाठीवरून हात फिरवून गेली. मला तेव्हाच कसंसं झालं होतं."

"मग मी काय सांगत होते?"

शेषम्मानं दारातून हे पाहिलं आणि तिला हसू आलं, ते तिनं पदराआड लपवलं. सात महिन्यांत दृष्टीला कंटाळलेली चंद्रमती एका वाक्यात मन्नीच्या बाजूला जाऊन बसली होती. दृष्टीत दोष समोरच्या घराचा होता. पुस्तकात तो स्वतःचा होता. बाळकृष्णराव छडी सोडून मुलाकडं आले, कारण त्याच्या कारणात सरदार होते. कृष्णाजी कुणाकडंच गेला नाही. ज्याला जे कारण सोसवेल ते त्यानं उचललं. जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म भरून तयार होता, आणि कुंभकोणमचं स्थळ आल्यावर तो कपाटात ठेवून कुलूप लावलं, ही गोष्ट मात्र कुणी काढली नाही. ती गोष्ट सगळ्यांचीच होती.

मग कृष्णाजी परसात गेला, त्याच्यामागं सेतुमाधव गेला. स्वयंपाकघराची खिडकी परसात उघडते.

"काका, तिथं बोललो नाही," सेतुमाधवचा आवाज आता वेगळा होता. "नाडी चव्वेचाळीस आहे. वजन सत्तरच्या खाली गेलं तर हृदयाची हमी मी देत नाही."

कृष्णाजीनं हातातला आलेखाचा कागद उलगडला. "रेघ बघितली तर," तो म्हणाला, "फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात जाईल."

शेषम्मानं वैलावरचं भांडं उतरवलं.

दुपारी पानं मांडली. राजमला सगळ्यांच्या मधोमध बसवलं, कारण सगळ्यांना ती दिसायला हवी होती. तिच्या पानात शेषम्मानं मऊ भात, तूप आणि मीठ वाढलं. राजमनं हात मांडीवर ठेवले. तिच्या मनगटातली बांगडी कोपरापर्यंत गेली होती.

"मला नक्को," ती म्हणाली. "आज एकादशी."

कनकलतांनी हातातला वडा पानात परत ठेवला.

"तुला एकादशी नाही," सेतुमाधव म्हणाला. "तू आजारी आहेस."

"मोठे काका, शास्त्रात काय आहे?" राजमनं बाळकृष्णरावांना विचारलं. तिचा आवाज बारीक पण अगदी शांत होता. "कितव्या वर्षापासून करायची?"

बाळकृष्णराव सापडले. गेली चाळीस वर्षं ते हाच श्लोक सगळ्यांना ऐकवत आले होते. "आठ वर्षांच्या पुढं आणि ऐंशीच्या आत," ते नाइलाजानं म्हणाले. "दुखणाइताला सवलत आहे खरी. पण स्वतःहून करत असेल तर मोडायला सांगणं हे पाप."

"अप्पा, ती मरेल," सेतुमाधव म्हणाला.

"तू पुस्तकातलं बोलतोस, मीही पुस्तकातलंच बोलतोय."

"सगळ्यांनी खाल्लं," राजम म्हणाली. "वडे खाल्ले, पायसम खाल्लं. खरी एकादशी ह्या घरात दोघींचीच आहे. माझी आणि आत्याची. आत्या पाणीसुद्धा पीत नाही. काल श्राद्धाला आलेले भटजी तिला नमस्कार करून गेले. मी जेवत नाही तर डॉक्टर आणता."

सगळ्यांनी शेषम्माकडं पाहिलं. त्या पाहण्यात आदर होता. तो तिच्या ओळखीचा होता. अठ्ठावीस वर्षं तिनं दुसरं काही मिळवलं नव्हतं.

अठराव्या वर्षी नवरा गेला आणि ती ह्या घरी परत आली, तेव्हा एक वेळचं जेवण तिच्यावर लादलं गेलं. पहिलं वर्ष भूक कुत्र्यासारखी मागं लागलेली असे. तिनं चोरून गूळ खाल्ला होता, एकदा घरातल्या एका लेकराच्या वाटीतला भात खाल्ला होता. मग एका सोमवारी, कुणी न सांगता, तिनं ते एक वेळचंही सोडलं. त्या दिवशी थोरले अप्पा तिच्याशी हळू आवाजात बोलले. तिला गोष्ट समजली. सोमवारांना प्रदोष जोडले, प्रदोषांना चतुर्थ्या. तिसऱ्या प्रहराला डोकं हलकं होई, हातपाय दुसऱ्याचे वाटत, आणि कूडातली माणसं लांब, बारीक, मुंग्यांसारखी दिसत. ते सुख होतं. ते देवाचं आहे असं ती सांगत असे. देवाशी त्याचा संबंध नव्हता, हे तिला एकटीलाच माहीत होतं. आणि ती मुंग्या बघत बसायची तेव्हा तिच्या मांडीला टेकून राजम बसलेली असायची, तीन वर्षांची, चार वर्षांची, बघत.

शेषम्मा खाली बसली. राजमचं पान तिनं दोन्ही हातांनी आपल्यापुढं ओढलं, भात कालवला आणि पहिला घास घेतला.

एकादशीला भातात पापपुरुष लपून बसतो, असं तिनं लहानपणापासून ऐकलं होतं. तिला भातात भात लागला. गरम होता, तूप चांगलं होतं. तिनं दुसरा घास घेतला.

"शेषे," बाळकृष्णराव म्हणाले.

ती सगळा भात खाऊन उठली, पान उचललं, शेण लावलं आणि परसात हात धुवायला गेली.

तिच्या पाठीमागं पुन्हा मसलत बसली. विहिरीपर्यंत शब्द येत होते. कनकलता म्हणाल्या, समोरच्या बाईची दृष्ट पोरीवरून उतरून हिच्यावर गेली. सेतुमाधव म्हणाला, ह्या वयात बायकांच्या शरीरात फरक पडतो, त्यानं कधी कधी असं होतं; आणि अलीकडं झोप कमी झाली होती का, असं त्यानं चंद्रमतीला विचारलं. चंद्रमती म्हणाली, विधवा बाईच्या मनात काय काय साठतं कुणाला कळतंय. बाळकृष्णरावांनी निकाल दिला, की प्रायश्चित्त होईपर्यंत शेषम्मानं चुलीला शिवायचं नाही. मग संध्याकाळचा फराळ कोण करणार, असं कृष्णाजीनं विचारलं, आणि मसलत थोडा वेळ थांबली. राजमचं नाव कुणी काढलं नाही.

शेषम्मा विहिरीच्या कट्ट्यावर पोट धरून बसली होती. रिकाम्या आतड्यांना तुपाचा भात सोसला नव्हता. राजम आली आणि चार हात लांब उभी राहिली. ती रागानं पांढरी पडली होती.

"तू मुद्दाम केलंस."

"हो."

"मी खावं म्हणून नाटक केलंस. डॉक्टरनं शिकवलं."

"डॉक्टर मला कशाला शिकवेल. तो सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोललेला नाही." शेषम्मानं एक कळ जाऊ दिली. "तू का खात नाहीस मला माहीत नाही. आत पाच माणसं बसलीत, त्यांना माहीत आहे. मी का खात नव्हते तेवढं मला माहीत आहे. ते देवासाठी नव्हतं."

राजमनं कोपरावरची बांगडी खाली मनगटापर्यंत ओढली.

"हलकं वाटतं," शेषम्मा म्हणाली. "सगळी माणसं लांब जातात. कुणाचा हात पोचत नाही. असंच ना?"

"कुंभकोणमच्या बाईनं माझा दंड दाबून बघितला," राजम म्हणाली. "म्हणाली, हाड चांगलं आहे, भरेल. अम्मा हसली. अप्पा पण हसले." थोड्या वेळानं ती म्हणाली, "पण नुसतं तेवढंच नाही."

"नसेल."

"आता मला थांबता येत नाही. पानावर बसलं की तो भात मोठा मोठा होत जातो."

"ठाऊक आहे," शेषम्मा म्हणाली. "आत्ता खाताना माझाही झाला. चौथ्या घासाला ओकारी आली होती. तुम्ही सगळे बघत होतात म्हणून गिळली."

राजम हळूहळू कट्ट्यावर येऊन बसली, अंतर ठेवून. "मला एकटीला टाकलंस," ती म्हणाली.

"टाकलं. त्या बाजूला मी अठ्ठावीस वर्षं राहिले, बाई. तिथं काही नाही. नमस्कार करतात, आणि मग रांधायला सांगतात."

दुसऱ्या दिवशी द्वादशी. उजाडताच पारणं सोडायचं असतं. नाही सोडलं तर एकादशी फुकट, हाही बाळकृष्णरावांचाच नियम. कनकलतांनी रांधलं होतं आणि अगत्तीच्या, म्हणजे हादग्याच्या, पाल्याची भाजी खाली लागली होती. शेषम्माला चूल बंद, म्हणून ती आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांबरोबर पंगतीला बसली, अगदी शेवटी, आणि राजम तिच्या पलीकडं येऊन बसली. ही आज काय करते, म्हणून सगळे शेषम्माकडं डोळे लावून होते. तिच्या पलीकडं कुणाची नजर जात नव्हती. शेषम्माला बांगडी सरकल्याचा आवाज आला. मग आणखी एकदा. मग बऱ्याच वेळानं तिसऱ्यांदा. तिनं मान वळवली नाही. करपलेली भाजी ती चवीनं खात राहिली, आणि सगळे तिला बघत राहिले.

राजम त्या दिवशी बरी झाली नाही, त्या महिन्यातही नाही. फेब्रुवारीत वजन एकाहत्तरावर आलं आणि तिथं तीन रविवार थांबलं. प्रायश्चित्त चौथ्याच दिवशी माफ झालं, कारण पापनाशमला आचारी असल्यामुळं कनकलतांचं सांबार बाळकृष्णरावांना चाळीस वर्षांत पहिल्यांदा सलग खावं लागलं होतं. शेषम्मानं चूल परत घेतली, पण दोन अटींवर. ती रात्रीही जेवेल. आणि राजम स्वयंपाकघरात तिच्याबरोबर बसेल, जेवो न जेवो, दार लावून. कुणी बघायला यायचं नाही. कॉलेजच्या फॉर्मची गोष्ट तिनं अट म्हणून घातली नाही. ती नुसती एके दिवशी कृष्णाजीच्या पानात भात वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "कपाटाची किल्ली कुठं असते रे?" कृष्णाजीनं मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी फॉर्म टेबलावर होता.

कारणं मात्र सगळ्यांची टिकली. वजन वाढायला लागल्यावर कनकलतांनी सगळीकडं सांगितलं, की समोरची बाई घर सोडून तिरुवैयारुला राहायला गेल्यामुळं दृष्ट सुटली. बाळकृष्णराव त्या एकादशीच्या पुण्याचा दाखला देत. ती कुणाची एकादशी, हे मात्र सांगत नसत. सेतुमाधवनं मद्रासमध्ये डॉक्टरांपुढं आपला लेख वाचला. त्यात आईवर दोन पानं होती, संस्कृतीवर तीन, आणि आत्याचा उल्लेख 'घरातील एक वृद्ध स्त्री' असा होता. शेषम्मा तेव्हा सेहेचाळीस वर्षांची होती.

जुलैतल्या एका दुपारी ती पाठमोरी बसून ताक घुसळत होती. राजम कॉलेजातून आली, पुस्तकं दाराशी ठेवली आणि उंबऱ्यावर उभी राहिली.

"भूक लागलीय," ती म्हणाली, कुणाला उद्देशून नव्हे, नुसती म्हणाली.

शेषम्माची रवी क्षणभर थांबली. तिला बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

"हात धुवून ये," ती म्हणाली.